वहीत ‘व्हिएन्ना’ एक नंबरला, बाकी जगात दोनला. चूक कुणाची?

लघुलहरी:

मंडळी, प्रश्न एका ओळीचा आहे, पण प्रस्तावना लांबणार. आधीच माफी मागतो.

गेल्या महिन्यात माळा आवरताना माझी एक जुनी वही हाती लागली. दोनशे पानी, जाड पुठ्ठ्याची, एक कोपरा कसरीने खाल्लेला. १९८० च्या नोव्हेंबरअखेरपासून १९८४ च्या मध्यापर्यंत मी तिच्यात इंग्लंडमधल्या गाण्यांची क्रमवारी उतरवून ठेवली आहे. दर आठवड्याला वीस गाणी. सुरुवात केली तेव्हा मी नववीत होतो. माध्यम मराठी, इंग्रजीशी ओळख पाचवीपासूनची, त्यामुळे गाण्यात काय चाललंय ते कळायचं नाही. आकडे मात्र कळायचे. वीसपासून उलटे मोजत एकपर्यंत येणारा निवेदक आणि त्याच्यामागे सतत खरखर. आवाज लाटेसारखा यायचा आणि ऐन नाव सांगायच्या वेळी ओसरायचा. दादाचा ट्रान्झिस्टर होता. त्याच्या एरियलला तांब्याची वायर गुंडाळून तिचं दुसरं टोक खिडकीच्या गजाला बांधलं होतं. सात नंबरच्या आसपास स्टेशन हमखास सरकायचं, मग एक हात काट्यावर आणि दुसरा पेन्सिलीवर.

सगळं देवनागरीत लिहिलंय, कारण स्पेलिंग कुठे ठाऊक होतं? कानावर पडलं तसं उतरवलं. ‘टेंटेड लव्ह’चं ‘टेंडर लव्ह’ झालंय. ‘डेक्सीज मिडनाइट रनर्स’ माझ्याकडे ‘टॅक्सीज मिडनाइट रनर्स’ आहेत, आणि खरं सांगू, मला अजूनही तेच जास्त पटतं. ‘फ्रँकी गोज टू हॉलिवूड’ हे शब्द पहिल्यांदा ऐकले तेव्हा मधेच बातम्या लागल्या असं वाटलं. गाण्याचं नाव लिहिलंय, गायकाचा रकाना कोरा. हे एका बँडचं नाव आहे हे कळायला तीन आठवडे गेले.

तर आता भानगड अशी. मुलीने ही वही बघितली आणि इंटरनेटवरच्या जुन्या याद्यांशी ताडून पाहायला बसली. शनिवारची अख्खी दुपार त्यात गेली. बरंचसं जुळलं, माझी कॉलर ताठ झाली. पण चार ठिकाणी गाडी अडली.

एक. तारखा. माझ्या पानावरची तारीख आणि यादीवरची तारीख कधीच जुळत नाही. मी कायम मागे.

दोन. डिसेंबर १९८०. जॉन लेननचं ‘स्टार्टिंग ओव्हर’ एका आठवड्यात दहा नंबरला आहे. पुढच्या पानावर त्याचा पत्ता नाही आणि त्याच्या पुढच्या पानावर थेट एक नंबर. मी तिथे पेन्सिलीने प्रश्नचिन्ह काढून ठेवलंय. मधल्या आठवड्यात ऐकताना माझं लक्ष नव्हतं की काय?

तीन. त्याच वर्षाच्या शेवटची दोन पानं सारखी आहेत. वीसच्या वीस नंबर जसेच्या तसे. आळस करून मी आधीचं पान उतरवलं असणार, असा माझ्यावर घरातून आरोप झाला आहे.

चार, आणि हे खरं दुखणं. ‘अल्ट्रावॉक्स’चं ‘व्हिएन्ना’. मार्च १९८१ च्या पानावर ते एक नंबरला आहे आणि शेजारी लाल स्केचपेनने चांदणी. हे गाणं एक नंबरला गेलं होतं असं मी चाळीस वर्षं लोकांना सांगत आलोय. लग्नानंतर बायकोला कौतुकाने ऐकवलं, तेही ‘एक नंबरचं गाणं’ म्हणून. सुरुवातीला ते थंड, दूरवर कुणीतरी दार आपटल्यासारखे ठोके, मग पियानो, मग तो शेवटचा चढलेला आवाज. नववीतल्या मुलाला व्हिएन्ना नकाशात दाखवता आलं नसतं, पण तिथे थंडी असते आणि कुणीतरी कुणाला तरी सोडून गेलेलं असतं एवढं पक्कं समजलं होतं. मुलगी म्हणते, बाबा, हे दोनच्या वर कधी गेलंच नाही.

तर प्रश्न: इंग्लंडात तेव्हा एकापेक्षा जास्त याद्या होत्या का? कुठल्या तरी एका यादीत तरी ‘व्हिएन्ना’ एकला होतं का? आणि हे नंबर मोजायचे तरी कसे?

पंचेचाळीस_आरपीएम:

लघुलहरी, वहीचे फोटो टाका, प्रश्न नंतर विचारा! चेष्टा बाजूला. क्रमाने घेतो.

तारखांचं कोडं सगळ्यात सोपं. तेव्हा दुकानांतली सोमवार ते शनिवारची विक्री मोजत. नवी यादी मंगळवारी दुपारी बीबीसीच्या रेडिओ वनवर जाहीर होई, आणि तिच्यावर तारीख पडायची ती त्या आठवड्याच्या शनिवारची. टॉप फॉर्टीचा मोठा कार्यक्रम मात्र रविवारी संध्याकाळी. म्हणजे रविवारी लोक जे ऐकत ती विक्री आठ दिवसांपूर्वीच संपलेली असे. रविवारीच ताजी यादी जाहीर करायची पद्धत १९८७ च्या ऑक्टोबरात आली. तुम्ही दूरवर बसून आणखी उशिरा कधीतरी ऐकणार आणि ऐकल्याची तारीख टाकणार. ती मागे पडायचीच. वही निर्दोष.

लेननचंही तुम्ही बरोबर लिहिलंय. ते प्रश्नचिन्ह खुशाल खोडा. ‘स्टार्टिंग ओव्हर’ आठपर्यंत चढून उतरणीला लागलं होतं. दहा झालं, मग एकवीस. तुमच्या कार्यक्रमात वीसच गाणी, मग ते सापडणार कुठून? ८ डिसेंबरला न्यूयॉर्कमध्ये त्याचा खून झाला आणि पुढच्याच यादीत तेच गाणं एकवीसवरून एकला. मग शाळकरी पोरांच्या समूहगानाचं एक आजीवरचं गाणं नाताळात एक नंबरला बसलं (हो, ‘इमॅजिन’ यायच्या आधी लोकांनी आजी विकत घेतली), मग ‘इमॅजिन’ चार आठवडे, मग ‘वुमन’ दोन आठवडे. ‘इमॅजिन’ १९७१ चं गाणं. १९७५ मध्ये इंग्लंडात सिंगल म्हणून (एका गाण्याची छोटी तबकडी) आलं तेव्हा सहाच्या वर गेलं नव्हतं.

दोन सारखी पानं: आरोप मागे घ्यायला लावा. नाताळच्या सुटीत नवी मोजणी होत नसे, आधीचीच यादी पुन्हा धरली जाई. २७ डिसेंबर १९८० आणि ३ जानेवारी १९८१ या दोन्ही तारखांना आजीच एक नंबरला आहे. तुम्ही आळस केला नाही, केला तो मोजणाऱ्यांनी.

आता मोजणी. १९८२ अखेरपर्यंत हे काम ब्रिटिश मार्केट रिसर्च ब्युरोकडे होतं. देशभरातल्या काही ठराविक दुकानांना एक डायरी दिलेली असे. सिंगल विकली गेली की काउंटरवरच्या माणसाने तिचा कॅटलॉग क्रमांक डायरीत लिहायचा. आठवड्याअखेर डायरी रवाना, तिथे बेरीज. आता शनिवारच्या दुपारी दुकानात पोरापोरींची झुंबड उडालेली असताना कोण काय लिहील, विचार करा. काही लोक तर दिवसभराच्या नोंदी एकदम संध्याकाळी आठवून करायचे. कोणती दुकानं मोजणीत आहेत हे गुपित असायला हवं होतं, पण ते रेकॉर्ड कंपन्यांच्या फिरत्या माणसांना बरोबर ठाऊक असे. मग त्या दुकानात फुकटच्या रेकॉर्ड, टी-शर्ट, गोड बोलणं, आणि डायरीत दोन जादा ओळी. जानेवारी १९८३ पासून काम गॅलप या सर्वेक्षण कंपनीकडे गेलं आणि दुकानात यंत्र आलं. क्रमांक यंत्रात टाइप करायचा, रात्री फोनच्या तारेवरून आकडे आपोआप जमा. लबाडी संपली नाही, पण डायरीइतकी स्वस्त राहिली नाही.

दुसऱ्या याद्या होत्या. संगीत साप्ताहिकं स्वतःच्या याद्या छापत, ‘एनएमई’ची तर १९५२ पासूनची. पण तुम्ही रेडिओवर ऐकलेली बाकी सगळी पानं ब्युरोच्या यादीशी जुळताहेत, मग एकच पान दुसऱ्या यादीतलं कसं असेल?

‘व्हिएन्ना’ चार आठवडे दोनला होतं. पहिल्या आठवड्यात वर ‘वुमन’. पुढचे तीन आठवडे, २१ फेब्रुवारी, २८ फेब्रुवारी आणि ७ मार्च, वर होता जो डॉल्ची. गाणं ‘शडाप यू फेस’. जन्माने अमेरिकन, राहायला ऑस्ट्रेलियात, आणि गातोय नाटकी इटालियन हेल काढून की आई मला म्हणते तोंड बंद कर. मँडोलिन आणि टाळ्या. इंग्रजी संगीताच्या चाहत्यांनी ही जखम आजतागायत ताजी ठेवली आहे.

बाकी एक समाधान घ्या. १९८१ च्या पूर्ण वर्षाच्या विक्रीत ‘व्हिएन्ना’ हे जो डॉल्चीच्या वर आहे. आठवड्याची यादी एकूण किती खपलं ते सांगत नाही, त्या सहा दिवसांत कोण पुढे होतं तेवढंच सांगते. जोचं गाणं फटाक्याच्या माळेसारखं वाजलं आणि संपलं. ‘व्हिएन्ना’ जानेवारीपासून शेगडीसारखं धुमसत होतं.

आता माझा उलट प्रश्न. तुमच्या त्या चांदणीच्या पानावर जो डॉल्ची कुठल्या नंबरला आहे?

नव्वदीतला_पोर:

काका, आदर ठेवून विचारतो, दोन नंबरला राहिलं तर बिघडलं काय? ‘वॅम’चं ‘लास्ट ख्रिसमस’ १९८४ च्या नाताळात दोनलाच अडकलं, कारण वर ‘बँड एड’चं दुष्काळनिधीचं गाणं होतं. आणि ते इंग्लंडात पहिल्यांदा एक नंबरला कधी आलं? २०२१ च्या १ जानेवारीच्या यादीत. छत्तीस वर्षांनी. तोवर जॉर्ज मायकल जाऊन चार वर्षं झाली होती. तुमचं ‘व्हिएन्ना’ अजून शर्यतीत आहे असं समजा.

(आणि हो, ते मी आत्ता ऐकलं. पहिली दोन मिनिटं काहीच होत नाही की!)

लघुलहरी:

पोरा, ते काहीच होत नाही तेच तर होतंय. हेडफोन लाव, दिवा घालव आणि परत ऐक.

आरपीएम, तुमचे किती आभार मानू. लेननचं प्रश्नचिन्ह खोडलं नाही, शेजारी ‘२१’ असा आकडा घातला. घरातला आरोपही मागे घेतला गेला आहे, जरा नाइलाजाने.

जो डॉल्ची त्या पानावर दोन नंबरला आहे. म्हणजे ही दोन गाणी फक्त उलटी आहेत, बाकी अठरा नंबर तंतोतंत. मुलगी माझ्याकडे ज्या नजरेने बघतेय ती मला आवडलेली नाही. मी म्हटलं, आवाज ओसरला असेल, एक आणि दोन ऐकण्यात गफलत झाली असेल. ती म्हणाली, दोघांची गाणी सारखी ऐकू येतात का?

यावर मी गप्प आहे.

जाता जाता अजून एक. जानेवारी १९८४ अखेरच्या पानावर मी लिहिलंय: ‘१ – रिलॅक्स – वाजवलं नाही.’ पुढच्या दोन पानांवरही तेच. एक नंबरचं गाणं आणि वाजवायचं नाही, ही काय पद्धत?

कॅसेटची_रीळ:

‘रिलॅक्स’चं मी सांगते. रेडिओ वनने त्यावर बंदी घातली होती, शब्द चावट म्हणून. गंमत बघा, गाणं आधीच्या वर्षीच बाजारात आलेलं, कुणी फारसं विचारत नव्हतं. जानेवारीत ‘टॉप ऑफ द पॉप्स’ या टीव्हीवरच्या कार्यक्रमात ‘फ्रँकी गोज टू हॉलिवूड’ हा बँड झळकला आणि गाणं ३५ वरून थेट ६ वर आलं. मग कुणाच्या तरी लक्षात आलं की शब्द काय आहेत. बंदी आली आणि दोन आठवड्यांत एक नंबर, तिथे पाच आठवडे मुक्काम. म्हणजे बीबीसीने पाच आठवडे सांगायचं की हे देशातलं सगळ्यात खपणारं गाणं, आणि ऐकवायचं दुसरंच. त्याच उन्हाळ्यात यांचंच ‘टू ट्राइब्ज’ नऊ आठवडे एकला होतं आणि ‘रिलॅक्स’ पुन्हा चढून त्याच्या खाली दोनला येऊन बसलं. बंदी घालणाऱ्यांना प्रसिद्धीखात्याचा पगार द्यायला हवा होता.

आता ‘व्हिएन्ना’च्या दुःखावर माझं औषध. माझी बाजू अमेरिकेची. मावसभाऊ तिकडे शिकायला होता, तो केसी केसमचा ‘अमेरिकन टॉप फॉर्टी’ रेडिओवरून कॅसेटवर भरून पाठवायचा. चार तासांचा कार्यक्रम, नव्वद मिनिटांच्या तीन कॅसेट, आणि गाणं ऐन रंगात आलं की बाजू संपायची. आमच्याकडे त्या कॅसेट वर्षभर फिरायच्या, त्यामुळे माझ्या दृष्टीने ‘फिजिकल’ तेरा महिने एक नंबरला होतं. प्रत्यक्षात दहा आठवडे, १९८१ च्या नोव्हेंबरपासून. हेच ते ऑलिव्हिया न्यूटन-जॉनचं, कपाळाला पट्टी बांधून व्यायाम करतानाचं.

ऐका आता. त्या दहापैकी नऊ आठवडे तिच्या खाली दोन नंबरला एकच गाणं होतं: ‘फॉरिनर’चं ‘वेटिंग फॉर अ गर्ल लाइक यू’. वाट बघणारा बिचारा, नावातच लिहिलेलं. शेवटी ‘फिजिकल’ उतरलं. आता तरी याची पाळी ना? नाही! ‘हॉल अँड ओट्स’चं ‘आय कान्ट गो फॉर दॅट’ खालून आलं आणि याच्या डोक्यावरून वर गेलं. दहावा आठवडाही दोनला. त्यानंतर ते खाली आलं ते आलंच. तुमचे चार आठवडे घेऊन काय बसलात?

ब्रूस स्प्रिंगस्टीन तर अख्ख्या कारकिर्दीत अमेरिकेच्या शंभर गाण्यांच्या यादीत, ‘हॉट हंड्रेड’मध्ये, स्वतःच्या गाण्याने एकला गेला नाही. १९८४ मध्ये ‘डान्सिंग इन द डार्क’ चार आठवडे दोनला आणि वर बहुतेक काळ प्रिन्सचं ‘व्हेन डव्ह्ज क्राय’. आणि ज्यांना तुम्ही टॅक्सीवाले म्हणता त्यांचं नशीब बघा. ‘कम ऑन आयलीन’ अमेरिकेत एप्रिल १९८३ मध्ये एकच आठवडा एकला होतं. त्याच्या आधी मायकल जॅक्सनचं ‘बिली जीन’, नंतर मायकल जॅक्सनचंच ‘बीट इट’. दोन हत्ती चालले असताना मधून मांजर पळून जावं तसं. मला त्या एका आठवड्याचं तुमच्या चांदणीपेक्षा जास्त कौतुक आहे.

अमेरिकेची मोजणी वेगळी होती हेही लक्षात घ्या. ती यादी काढणारं ‘बिलबोर्ड’ साप्ताहिक नुसता खप धरत नसे, रेडिओवर गाणं किती वाजतंय तेही मिळवे. आणि दोन्हीकडची माहिती सांगोवांगीच. दुकानदार फोनवर सांगणार की आमच्याकडे या आठवड्यात हे पहिलं, हे दुसरं, हे तिसरं. किती प्रती खपल्या ते नाही, नुसता क्रम. बारकोडवरून खरी विक्री मोजणं १९९१ मध्ये सुरू झालं. म्हणून तिकडे गाणी संथ चढत, संथ उतरत. ‘टेंटेड लव्ह’ (तुमचं टेंडर) त्या यादीत ४३ आठवडे रेंगाळलं, तेव्हाचा विक्रम, आणि सगळ्यात वरचा नंबर कितवा? आठवा. इंग्लंडात तेच गाणं धाडकन एकला गेलं होतं.

पंचेचाळीस_आरपीएम:

रीळताई, उत्तम! फक्त एक भर घालतो. इंग्लंडात नुसता खप मोजत असल्यामुळे तिथे उलटा प्रकार होई. एखाद्या बँडची पोरं पहिल्याच दिवशी दुकानावर तुटून पडली तर गाणं थेट एक नंबरलाच उगवायचं. ‘द जॅम’चं ‘गोइंग अंडरग्राउंड’ मार्च १९८० मध्ये असं आलं, १९७३ नंतर पहिल्यांदा. पुढे त्यांनी ते आणखी दोनदा केलं, ‘अॅडम अँड दि अँट्स’ने १९८१ मध्ये एकदा. ज्याच्यामागे अशी फौज नाही त्याने वाट बघायची.

आणि बारा इंची तबकडीही सात इंचीच्याच खात्यात जमा होई. ‘न्यू ऑर्डर’चं ‘ब्लू मंडे’ १९८३ मध्ये सुरुवातीला फक्त बारा इंचीच होतं. साडेसात मिनिटांचं, फ्लॉपी डिस्कसारखं कव्हर. वसंतात बारापर्यंत गेलं, मंदावलं, आणि शरदात परत येऊन नऊवर. ते माझ्याकडे आहे. कव्हरची भोकं अजून शाबूत आहेत, तबकडीवर मात्र चरा आहे आणि तो कुणी पाडला ते मला माहीत आहे, पण तो माझा सख्खा भाऊ असल्याने जाऊ दे.

लघुलहरी, मूळ मुद्दा राहिलाच. तुम्ही रेडिओ चालू असताना थेट त्या वहीत लिहीत होता का? एका हाताने काटा धरून इतकं सुबक? तुम्ही म्हणताय की रकाने आहेत, चांदण्या आहेत, रंगीत स्केचपेन आहे. मला ही फेअर कॉपी वाटते. कच्चं कुठे लिहायचात?

लघुलहरी:

आरपीएम, तुम्ही पोलिसात होता काय?

तुमचा प्रश्न वाचला आणि पोटात गोळा आला, कारण उत्तर वाचता वाचताच आठवलं. कच्चं त्याच वहीत लिहायचो. मागून. वही उलटी करून शेवटच्या पानापासून, पेन्सिलीने, आणि दुसऱ्या दिवशी पुढच्या बाजूला शाईने. गणिताच्या वहीत रफ काम करतो तसं. मुलीने फक्त पुढची बाजू बघितली होती. काल रात्री सगळे झोपल्यावर मी वही उलटी केली.

पेन्सिल पुसट झालीय, पण टॉर्च तिरका धरला की दिसतं. २१ फेब्रुवारीच्या यादीचं कच्चं: २ व्हिएन्ना, १ शटअप फेस. पुढे फेअरमध्ये तेच, प्रामाणिकपणे. दुसरा आठवडा: २ व्हिएन्ना, १ शटअप फेस, आणि पुढे ‘परत!’. फेअरमध्ये तेच, उद्गारचिन्ह वगळून. तिसरा आठवडा. वीसपासून खाली खाली येणारे आकडे, सातपाशी नेहमीचा फराटा, कारण काटा सरकला. मग ५, ४, ३. मग ‘२ व्हिएन्ना’, इतकं दाबून लिहिलंय की मागच्या पानावर उमटलंय. आणि एकच्या पुढे नावच नाही. नुसतं ‘तोच’.

दुसऱ्या दिवशी मी दौतीतली शाई भरली, पट्टीने रकाने आखले, आणि एक नंबरला ‘व्हिएन्ना’ लिहिलं. मग स्केचपेन शोधून चांदणी काढली. गफलत वगैरे काही नाही. चौदा वर्षांच्या मुलाने शांत डोक्याने केलेला खोटेपणा आहे, आणि पुढे तो स्वतःच विसरून गेला.

सकाळी मुलीला दाखवलं. ती हसत सुटली, मग म्हणाली की मोजणीतल्या डायऱ्यांत जादा ओळी घुसवणाऱ्या त्या फिरत्या माणसांपेक्षा तू बरा, निदान तुला कुणी टी-शर्ट दिला नव्हता. बायकोने वेगळीच फिर्याद काढलीय. म्हणते, मला एक नंबरचं गाणं सांगून दोन नंबरचं ऐकवलंस.

कॅसेटची_रीळ:

‘तोच’! अहो, जो डॉल्चीबद्दल याहून नेमकं परीक्षण मी वाचलेलं नाही.

बायकोला सांगा, रेडिओ टू आणि अधिकृत याद्यावाल्यांनी काही वर्षांपूर्वी मतं मागवली होती, दोनला अडकलेल्या गाण्यांमध्ये लोकांचं सगळ्यात लाडकं कोणतं म्हणून. ‘व्हिएन्ना’च निवडून आलं आणि त्याला मानद एक नंबर दिला. तुमची चांदणी तीस-बत्तीस वर्षं आधीची एवढंच.

नव्वदीतला_पोर:

दिवा घालवून ऐकलं. ठीक आहे. शेवटी व्हायोलिन येतं तिथे जरा काटा आला. जरा.

लघुलहरी:

व्हायोलिन नव्हे रे, मला तो व्हायोला असल्याचं कुणीतरी सांगितलं होतं. पण काटा आला ना, मग सोड.

आता नवीनच धास्ती. उरलेल्या पानांत मी आणखी कुठे कुठे हात मारलाय? मागची कच्ची पानं डिसेंबर १९८१ पर्यंतच आहेत, त्यापुढची बहिणीने भूमितीला फाडून नेली. म्हणजे १९८२ चा सगळा कारभार बिनपुराव्याचा. मुलीला परत कामाला लावायची हिंमत नाही. आरपीएम, तुम्हीच एक बघून सांगा. फेब्रुवारी १९८२, ‘द स्ट्रँगलर्स’चं ‘गोल्डन ब्राउन’. माझ्याकडे एक नंबरला आहे. हिरवी चांदणी.

पंचेचाळीस_आरपीएम:

दोन. वर ‘द जॅम’ होते.

वही जपून ठेवा आणि स्केचपेनचा पूर्ण डबा जप्त झाला असं समजा.